सपाट आवाज

"तुझं शिक्षण किती झालंय?" पद्मक्कानं विचारलं.

मी आरवाड्यांच्याच डब्यात पीठ भरत होते. गिरणी चालू होती, आणि आमच्या गिरणीत सगळी माणसं ओरडून बोलत. पद्मक्का मात्र घरात बोलावं तशी बोलली, म्हणून मला दोनदा विचारावं लागलं.

"बारावी," मी म्हणाले.

"पुढं?"

"पुढं काय, पुढं हे." मी गिरणीकडं हात केला आणि जीभ चावली, कारण पद्मक्काला हात दिसणार नव्हता. "पुढं नाही शिकले."

"उत्तम," ती म्हणाली.

मला असा राग आला म्हणून सांगू. बारावीला कॉलेजात दुसरी आले होते मी. त्याच उन्हाळ्यात आई आजारी पडली, गिरणीवर आप्पांच्या हाताखाली माणूस हवं होतं, आणि ते माणूस मी झाले. गल्लीतल्या बायका अधूनमधून हळहळायच्या, "पोरगी हुशार होती हो." होती म्हणे. ते परवडलं, पण तोंडावर कुणी 'उत्तम' म्हणालं नव्हतं.

"डबा झालाय," मी म्हणाले. "मावशींना सांगा, गहू जरा ओला होता."

"डब्यासाठी नाही आले मी. मला लेखनिक पाहिजे. बाहेर येतीस का जरा? इथं माझं डोकं उठलं."

पद्मक्का म्हणजे पद्मजा आरवाडे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मावशीबरोबर राहायची. वय तिशीच्या आसपास. जन्मापासून दिसत नव्हतं. बी.ए. झाली होती, आणि मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. आमच्या मिरजेत दर चार घरांमागं एक दवाखाना, आणि गावोगावचे पेशंट. त्यांचे नातेवाईक रात्रंदिवस फोन करायचे आणि तो पहिल्यांदा उचलायची पद्मक्का.

दारातल्या कट्ट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. तिला पुण्याला एम.ए. करायचं होतं, मानसशास्त्रात. दवाखान्यात समुपदेशकाची जागा निघणार होती. पेशंटशी आणि त्यांच्या माणसांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा, असं ते काम. "मी तेच करते की रोज," पद्मक्का म्हणाली. "फक्त अर्ध्या मिनिटात करते आणि मग वॉर्डला लाइन जोडून देते. मला पूर्ण करायचंय." पण त्या जागेसाठी एम.ए. पाहिजे होतं, आणि एम.ए.ला जायचं तर आधी प्रवेशपरीक्षा. तिथल्या थोड्या जागांसाठी सगळ्या महाराष्ट्रातून पोरं बसायची.

दिसत नसलेल्या परीक्षार्थीला लेखनिक मिळतो. त्यानं प्रश्न वाचायचा, परीक्षार्थी उत्तर सांगणार, लेखनिक ते उतरवणार. नियम एवढाच, की लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी पाहिजे. म्हणजे तो आपलं डोकं चालवणार नाही.

"म्हणून उत्तम म्हणाले," ती म्हणाली. "रागावलीस?"

"मी कशाला रागावू?"

"रागावलीस. आवाजात आलं."

मग तिनं मागच्या वर्षीचं सांगितलं. मागच्या वर्षी तिचा मावसभाऊ लेखनिक होता. चार पर्यायांतला एक गोळा पेन्सिलीनं काळा करायचा, असा तो पेपर. पद्मक्काला एक प्रश्न अडला. ती म्हणाली, "ठेव, मागनं बघू." भावानं प्रश्न ठेवला, पण त्याची ओळ काही रिकामी ठेवली नाही. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत भरलं. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. बाहेर आल्यावर उसाचा रस पिता पिता तो तिला म्हणाला, "अक्का, शेवटची एक ओळ रिकामी राहिली बघ. असू दे ना?"

मला हसू आलं आणि लगेच कळलं, म्हणजे तिथून पुढचा सगळा पेपर गेला.

"मी रस पिऊन संपवला," पद्मक्का म्हणाली. "काय करणार? त्याला काही बोलले नाही. पण यंदा तसं चालायचं नाही. आमचे बडे डॉक्टर म्हणालेत, मी खुर्चीत आहे तोवर तुला दोन वर्षांची रजा देतो, परत आलीस की ती जागा तुझी. पण ते यंदा निवृत्त होतायत. पुढचा माणूस कसा येईल कुणी बघितलंय? यंदा जमलं तर जमलं, नाहीतर मी आयुष्यभर लाइनी जोडत बसणार."

"पण मीच का?"

"तू गिरणीतून हाका मारतीस ना, आरवाड्यांचं गव्हाचं झालं, शिकलगारांची ज्वारी थांबायला लागेल? माझ्या खिडकीत येतंय ते. एकदाच सांगतीस आणि सगळ्या गल्लीला समजतं. मला तसा आवाज पाहिजे."

आप्पांना सांगितलं तेव्हा ते पट्टा चढवत होते. म्हणाले, "परीक्षा तिची, आणि डोकं तू घालणार?"

"डोकं नाही घालायचं आप्पा, नुसता हात घालायचा."

"मग जा," ते म्हणाले. "पण सोमवारीच."

सोमवारी आमच्याकडं वीज बंद असायची, त्यामुळं गिरणीही बंद. पद्मक्कानं दवाखान्यात सोमवारची सुट्टी बदलून घेतली. दुपारी जेवण आटपलं की मी तिच्याकडं जायची. मावशी आतल्या खोलीत झोपलेल्या असायच्या. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत चटईवर बसायचो.

आधी पुस्तकं. पद्मक्का म्हणायची, वाच, आणि मी वाचत सुटायची. माणूस विसरतो कसा, सवय लागते कशी, भीती आधी येते की अंग आधी थरथरतं, असलं काय काय. मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट सोमवार कधी येतोय असं व्हायला लागलं. गिरणीत उभी असले तरी डोक्यात तेच चालायचं. आमच्या दारात एक मांजर येऊन बसायचं. आप्पा त्याला कधी दूध द्यायचे, कधी द्यायचे नाहीत, आणि ते मात्र रोज ठरल्या वेळी हजर. त्याच्याकडं बघून मला पुस्तकातलं आख्खं एक पान समजलं होतं. पद्मक्काला सांगितलं तर ती खूप हसली, म्हणाली, "मांजराचं पुरे, पुढचं वाच."

मग जुने पेपर आणले. खोट्या उत्तरपत्रिका छापून आणल्या. पद्मक्कानं शिस्त लावली. प्रश्नाचा नंबर मोठ्यानं म्हणायचा, प्रश्न पूर्ण वाचायचा, चारही पर्याय ओळीनं वाचायचे. ती उत्तर सांगेल ते परत म्हणायचं आणि मग गोळा भरायचा. ती "ठेव" म्हणाली, तर "अमुक नंबरची ओळ रिकामी" असं मोठ्यानं म्हणून पुढं जायचं. मला ते अगदी सोपं वाटलं. डब्यांच्या चिठ्ठ्या लावण्यात माझी कधी गल्लत झाली नव्हती.

पहिले काही सोमवार भलतेच छान गेले. पद्मक्काची उत्तरं फटाफट बरोबर यायची. मी तपासून मार्क सांगायची आणि माझीच कॉलर ताठ व्हायची.

एका सोमवारी मात्र मार्क ऐकून ती खूश झाली नाही.

"काय झालं अक्का? गेल्या वेळेपेक्षा जास्तच आहेत की."

"संख्याशास्त्राचे सगळे बरोबर आले?"

"सगळे."

"मला संख्याशास्त्र येत नाही, वैजू. तो धडा आपण एकदा वाचला, आणि अर्धा मी झोपेत ऐकला. मग सगळे बरोबर कसे आले?"

"नशीब," मी म्हणाले.

"नशीब नव्हे. परत वाच. कुठलाही एक घे."

मी एक प्रश्न वाचला. पर्याय अ, ब, क, ड. तिनं हात वर केला.

"उत्तर ब आहे," ती म्हणाली. "आणि मला प्रश्नसुद्धा कळलेला नाही. तू ब वर आलीस ना, की तुझा आवाज खाली बसला. पाणी प्यायल्यावर माणूस बसतो तसा. प्रत्येक वेळी बसतोय. इतके दिवस मला वाटत होतं मलाच सुचतंय."

मला खोटं वाटलं. दुसरा वाचला. तिनं पुन्हा बरोबर ओळखलं. तिसरा मी मुद्दाम एकसारखा वाचायला गेले, तरी तिनं ओळखलंच. दवाखान्यात दिवसभर नुसते आवाज ऐकणारी बाई ती. फोनवर नातेवाईक 'हॅलो' म्हणाला की त्याला बातमी आधी कळलीय की नाही, हे तिला समजायचं. तिच्यापुढं मी काय लपवणार?

"अक्का, म्हणजे..." मी म्हणाले, "म्हणजे मला ती उत्तरं येत होती?"

"ते नंतर बघू," ती म्हणाली. तिचा चेहरा कडक झाला होता. "आधी हे बंद करायचं. पर्यवेक्षकाच्या लक्षात आलं तर पेपर रद्द. आणि नाही आलं, तर उद्या पास झालं कोण, मी का तू?"

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

त्यानंतरचे सोमवार नुसते सपाट वाचण्यात गेले. हसू नका, भयंकर अवघड असतं ते. येत असलेलं उत्तर येत नसल्यासारखं वाचायचं. मी सगळे पर्याय ओरडून वाचून बघितले, तर मावशी दचकून उठल्या. नाक दाबून वाचलं. शेवटी पद्मक्कालाच उपाय सुचला. म्हणाली, "स्टेशनवरच्या बाईसारखं वाच. गाडी वेळेवर येऊ दे, नाहीतर दोन तास उशिरा, तिला दोन्ही सारखंच." मग मी मिरज जंक्शनवरच्या त्या घोषणेसारखी वाचायला लागले. प्रश्न क्रमांक अमुक, पर्याय अ, कृपया लक्ष द्या. आम्ही दोघी लोळून हसायचो. पण आवाज हळूहळू सपाट झाला. तिचे मार्कही उतरले, आणि मग स्वतःच्या बळावर परत चढायला लागले. तिनं संख्याशास्त्राचा तो धडा माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला, की आप्पा एकदा म्हणाले, "झोपेत काय सरासरी, सरासरी बडबडत होतीस गं?"

परीक्षा पुण्यात होती. आदल्या दिवशी आम्ही गेलो, पद्मक्काच्या मैत्रिणीकडं उतरलो. सकाळी केंद्रावर आम्हाला वेगळी खोली दिली. खोलीत आम्ही दोघी आणि पर्यवेक्षक म्हणून टिपणीस नावाच्या एक बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात घरून आणलेली उशी, खुर्चीवर टाकायला.

"लेखनिकाचं शिक्षण?" त्यांनी माझे कागद बघत विचारलं.

"बारावी."

"सध्या काय करता?"

"पिठाची गिरणी."

"बरं," त्या म्हणाल्या. "हे बघा, प्रश्नात जे छापलंय तेवढंच वाचायचं. खुणा नाहीत, सूचना नाहीत. एक शब्द जास्तीचा बोललात, तर मला वर लिहून कळवावं लागेल. मला ते आवडत नाही, पण मी कळवते."

पद्मक्का गालात हसली. म्हणाली, "कळवाच बाई."

पेपर सुरू झाला. मी स्टेशनवरची बाई झाले. नंबर, प्रश्न, अ, ब, क, ड. पद्मक्का डोळे मिटून ऐकायची, उत्तर सांगायची. मी परत म्हणायची आणि गोळा भरायची. दोनदा ती "ठेव" म्हणाली, दोन्ही ओळी मी मोठ्यानं रिकाम्या ठेवल्या. टिपणीस बाई सुरुवातीला आमच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या, मग त्यांनी उशी सरकवली आणि जरा सैल बसल्या. सगळं अगदी मनासारखं चाललं होतं. मी मनात म्हटलं, अक्का आता पुण्याला जातीय.

पेपर संपत आला होता तेव्हा एक प्रश्न आला. एखाद्या प्राण्याला दर वेळी बक्षीस न देता अधूनमधूनच दिलं, आणि मग ते पूर्ण बंद केलं, तर त्याला लागलेली सवय... पर्याय अ, लगेच सुटते. पर्याय ब, सुटायला जास्त काळ लागतो.

माझ्या डोळ्यांपुढं आमच्या दारातलं मांजर येऊन बसलं. आणि माझा आवाज खाली बसला.

मला तो बसताना ऐकू आला. आधी कधी ऐकू आला नव्हता. पर्याय क, बक्षिसाच्या आकारावर अवलंबून असते. पर्याय ड, काहीच फरक पडत नाही. ते दोन मी कसेबसे वाचले.

पद्मक्का बोलेना. इतका वेळ तिनं लगेच उत्तर तरी दिलं होतं, नाहीतर लगेच "ठेव" तरी म्हटलं होतं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, ब म्हणणार. म्हण की बाई, मी मनात म्हणत होते. मी सांगितलं थोडंच? टिपणीस बाईंना काही कळलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"क," पद्मक्का म्हणाली.

मी तशीच बसून राहिले.

"वैजू, क," ती पुन्हा म्हणाली, हळू आवाजात.

टिपणीस बाईंनी मान वळवली. "काही अडचण?"

"नाही बाई," मी म्हणाले. "पर्याय क." आणि मी क चा गोळा काळा केला. चुकीचा गोळा आपल्या हातानं, नीट, काठापर्यंत भरायचा, याच्याइतकं वाईट काम मी तोवर कधी केलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी बोललेच नाही. पद्मक्का खिडकीशी बसून शेंगा खात होती. मैत्रिणीनं दिलेल्या. सातारा आलं, गाडी थांबली, माणसं चहाला उतरली, आणि माझा बांध फुटला.

"तुम्हाला ब च म्हणायचं होतं ना?"

"कशाचं?"

"उगाच वेड पांघरू नका अक्का. ते बक्षिसाचं."

तिनं शेंगांची पुडी मिटली. "ब आणि क मध्ये घोटाळा होत होता माझा. ब जवळचं वाटत होतं."

"मग?"

"मग तू ब वर खाली बसलीस. त्यानंतर मी ब कसं म्हणणार?"

"का नाही? तुम्हालाही तेच वाटत होतं ना?"

"वाटत होतं. पण किती माझं आणि किती तुझं, ते मला सांगता येईना. म्हणून मी ते सोडून दिलं."

"एका मार्कानं गेलं तर?" माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं. "डॉक्टर जाणार, रजा जाणार, जागा जाणार. आणि कुणाला कळलं असतं? त्या बाईंना तरी कळलं का?"

"वैजू, हळू बोल."

"नाही बोलत. माझ्यामुळं गेला ना मार्क? सांगा की सरळ."

"होय," ती म्हणाली. "तुझ्यामुळं गेला."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, समजूत काढेल. माणसं म्हणतात ना, तसं. तिनं मात्र पुडी परत उघडली आणि माझ्या हातात चार शेंगा ठेवल्या. मी रडले आणि त्या खाल्ल्या. कराड येईपर्यंत मला तिचा राग येत होता, पुढं माझा स्वतःचा यायला लागला.

यादी लागली त्या दिवशी नेट कॅफेत मीच गेले. पद्मक्का फोनवर बसलेली, तिला सुट्टी नव्हती. पहिल्या यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत होतं, सगळ्यात वर. पहिल्या यादीतल्या शेवटच्या नावाला तिच्यापेक्षा एकच मार्क जास्त होता, आणि बरोबरी झाली तर वयानं मोठ्याचं नाव आधी, असा नियम होता. मी तो आकडा परत परत बघितला. कॅफेवाला म्हणाला, "ताई, वेळ संपली."

मी दवाखान्यात जाऊन तिला सांगितलं. ती कानाला यंत्र लावून बसली होती. "एक मिनिट हं," असं फोनवरच्या पेशंटच्या बायकोला म्हणाली, लाइन जोडून दिली आणि माझ्याकडं वळली. मी मार्क सांगितला. लपवला नाही, तिच्यापुढं लपलाही नसता.

"असू दे," ती म्हणाली. "कुणीतरी सोडेल. पुण्यात काय, एकाच ठिकाणी कोण फॉर्म भरत नाही." पण तिचा हात फोनच्या वायरीशी खेळत होता. तिचा हात असा कधी अस्वस्थ बघितला नव्हता मी.

त्यानंतर मी तिच्याकडं गेले नाही. काय तोंड घेऊन जायचं? सोमवार आला की घरातच भांडी घासत बसायची. आई म्हणाली, "भांडणं झाली का तुमची?" डॉक्टरांच्या निरोप समारंभाची तयारी सुरू झाल्याचं गल्लीत कळलं होतं. मंडप कुठं घालायचा यावर चर्चा चालली होती, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

आणि एक दिवस भर दुपारी गिरणीतला फोन वाजला. गिरणी चालू, दारात डब्यांची रांग. मी एक कान दाबून फोन घेतला.

"दवाखान्यातून बोलतेय," पलीकडून आवाज आला. "वैजयंती खोत आहेत का? त्यांच्या माणसाबद्दल बातमी आहे."

माझं काळीजच हललं. मग आवाज ओळखला. "अक्का, मरणाचं घाबरवलं की."

"नंबर आला," ती म्हणाली. "सकाळी पुण्याहून फोन होता. एकीनं जागा सोडली. डॉक्टरांनी आत्ता सही केली, पेनाचं टोपण पण लावलं नाही अजून."

मी तिथंच पिठाच्या पोत्यावर बसले. मला हसायचं होतं, आणि डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. "अक्का, तुम्हाला दर सहा महिन्यांनी लेखनिक लागेल. मी येते पुण्याला. आता तर आवाज एकदम सपाट करते बघा. प्रत्येक पेपरला येते."

"तू नकोस मला," पद्मक्का म्हणाली.

मला वाटलं गिरणीच्या आवाजात ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"तू नकोस म्हणाले. दुसरं कुणीतरी बघेन. त्या प्रश्नाला ब म्हणाले असते ना, तर पहिल्याच यादीत नाव आलं असतं. महिनाभर मावशीच्या डोळ्याला डोळा लागला नाही, ते वाचलं असतं. पण मग दोन वर्षं त्या वर्गात बसताना मला वाटत राहिलं असतं, ही खुर्ची अर्धी वैजूची आहे. आता पूर्ण माझी आहे."

मी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

"ऐकतीयस ना? त्या दिवशी चटईवर तू मला एक विचारलं होतंस. मी म्हणाले, नंतर बघू. आता सांगते. होय, तुला येत होती. माझ्याआधी येत होती. मला दोन वर्षं मिळालीत, आता तू तुझं बघ. माझ्या शेजारी बसून तुला खुर्ची मिळणार नाही. ठेवते, तीन लाइनी वाजतायत."

फोन बंद झाला. आप्पा पलीकडून ओरडले, "कुणाचा गं?"

"पद्मक्काचा. नंबर लागला तिचा."

"बरं झालं. लई कष्ट घेतले पोरीनं." आणि ते परत धान्य ओतायला लागले.

"आप्पा, मला पण शिकायचंय," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्यानं म्हणाले. तरी नाही. मग मी उभी राहिले आणि गल्लीच्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाले, "आप्पा, मला बी.ए. करायचंय. मानसशास्त्र घेऊन."

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. आप्पांनी बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला, आणि गिरणीत एवढी शांतता झाली की माझा मलाच श्वास ऐकू यायला लागला.

"परत सांग," आप्पा म्हणाले.

"ऐकलंत की तुम्ही."

"ऐकलं. तरी सांग."

"मला ते येतंय, आप्पा," मी म्हणाले. "मला खरंच येतंय."

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. झटकून परत झटकलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बारावी झालीस तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो?"

"एक वर्ष थांब म्हणालात."

"मग?"

"तीन झाली."

"मग झालं की एक वर्ष," आप्पा म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. माझ्या हातातलं माप काढून घेतलं. "ऑफिस बंद व्हायच्या आत कॉलेजात जाऊन विचारून ये. डबे मी बघतो."